सरांचा राखण्या

आमच्या संगणकवाल्या सरांच्या दोन्ही मनगटांवर घड्याळं असत. डाव्या हातातलं सगळ्यांच्या घड्याळासारखं. उजव्या हातातलं मात्र सर काम करत असतील तेवढाच वेळ चाले. कुणी हाक मारली की सर आधी उजव्या घड्याळाची किल्ली ओढून ते बंद करत आणि मग "बोला" म्हणत. समोरचा माणूस गेला, डोकं परत कामात शिरलं, की किल्ली आत दाबायची. संध्याकाळी दोन्ही मनगटं शेजारी शेजारी धरून ते बघत आणि गंभीरपणे सांगत, "आज मी पावणेदोन तास काम केलं. बाकीचा वेळ नुसता हजर होतो."

ही किल्ली ओढायची सवय लोकांना फार झोंबायची. संचालक मंडळातले एक वजनदार गृहस्थ एकदा मुद्दाम त्यांना भेटायला आले, तर सरांनी नमस्काराच्या आधी किल्ली ओढली. गृहस्थांचा चेहरा उतरला. "आमचं येणं आवडलं नाही का हो?" असं त्यांनी विचारलं. सर मनापासून म्हणाले, "आवडलं की. पण आवडलं तरी काम थांबतंच ना." त्यांच्या मनात कुणाचा अपमान करायचं कधी नसे. खरं बोललं तर समोरच्याला बरं वाटतं अशी त्यांची समजूत होती, आणि ती कुणी मोडायला गेलं तरी मोडत नसे.

ही नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. कोपरगावच्या बाजूच्या एका सहकारी साखर कारखान्यात, शेतकी विभागात, मी हंगामी कारकून होते. सर आधी कुठल्याशा तंत्रशाळेत शिकवायचे म्हणून सगळे त्यांना सरच म्हणत. कारखान्याच्या कागदावर ते संगणक विभागाचे प्रमुख होते. विभागात तेच एकटे, आणि संगणकही एकच.

माझं काम ऐकायला सोपं होतं. कुणाच्या शेतात ऊस कधी लावला याच्या नोंदी आमच्याकडे असत. लागवडीच्या तारखा बघून, दर पंधरवड्याला, कुणाचा ऊस कुठल्या दिवशी तोडायचा याचा कार्यक्रम करायचा. त्या कागदावर तोडकऱ्यांच्या टोळ्या निघत, बैलगाड्या निघत. एक ओळ चुकली तर कुणाचा तरी ऊस शेतात उभा वाळत राही. अशा शेकडो ओळी मी लिहायची, आणि लिहिताना दर चार मिनिटांनी कुणीतरी माझ्या टेबलाशी येऊन उभं राही. माझ्या भावाची नोंद झाली का, अमुक साहेब आले का, बस किती वाजता आहे, तुमच्याकडे टाचणी आहे का. मी भिडस्त. प्रत्येकाला उत्तर द्यायची, आणि मग आपण कुठे होतो हे शोधत बसायची.

तो माझा पाचवा हंगाम होता. पाच हंगाम नीट पार पडले की कारखाना कायम करून घेई. मला ती नोकरी हवी होती. आमच्या घरात बाईमाणसाने टेबलखुर्चीवर बसून पगार मिळवायची ती पहिलीच वेळ, आणि माझे वडील सायकल दुरुस्तीच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला पंक्चर काढता काढता ते सांगत. पण माझ्या नावावर एक मेमो आधीच होता, तारखेच्या चुकीचा. सर आमच्या विभागात आले तेव्हा मी अशी काठावर उभी होते.

कारखान्याचे कार्यकारी संचालक, आम्ही त्यांना एमडी साहेब म्हणायचो, त्यांनी सरांना सांगितलं होतं की तोडणीचा कार्यक्रम संगणकावर घ्या. दुसरा कुणी असता तर आमची रजिस्टरं उचलून यंत्रात भरून मोकळा झाला असता. सरांनी एक स्टूल आणलं, माझ्या पाठीमागे भिंतीला लावलं, आणि मांडीवर वही घेऊन बसले. मी विचारलं, "सर, काय करताय?"

"तुमचं काम बघतोय. दोन आठवडे बघणार आहे."

"मग संगणक?"

"तो कुठे पळून जातोय?"

माझ्याकडे कुणी आलं, फोन वाजला, कुणी खिडकीतून डोकावलं की सर वहीत एक रेघ ओढत आणि पुढे लिहीत: किती वाजता, कुठून, कशासाठी. त्या रेघेला ते पाखरू म्हणत. शाळूच्या शेतात पाखरं बसतात तशी लक्षावर बसतात, असं त्यांचं म्हणणं. संध्याकाळी जाता जाता सांगायचे, "ताई, आज फार पाखरं बसली हो. कणीस शिल्लक राहिलं हेच नशीब." त्यांचं एक वाक्य मला अजून पाठ आहे. मन लागत नाही असं कधी नसतं, लागलेलं मन कुणीतरी येऊन उपटतं.

दुसरा मेमो मला त्याच दोन आठवड्यांत मिळाला. माझ्यासमोर दोन याद्या होत्या, एक तोडायच्या उसाची आणि एक तोडून झालेल्या उसाची. मी पहिल्या यादीवरून नाव उतरवत होते, तेवढ्यात इंटरकॉम वाजला. वरच्या मजल्यावरून एमडी साहेब स्वतः. "ओ बाई, माझं चष्म्याचं घर तिकडं राहिलं का बघा जरा." मी उठले, टेबलाखाली पाहिलं, कपाटावर पाहिलं, नाही म्हणून सांगितलं, परत बसले आणि दुसरीच यादी हातात घेतली.

दुसऱ्या दिवशी पंचवीस बैलगाड्या आणि अख्खी टोळी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन उभी राहिली. त्याचा ऊस आठवड्यापूर्वीच गेला होता. शेतात नुसतं पाचट. बाबाने सगळ्यांना चहा पाजला आणि दुपारी आमच्याकडे आला. माझ्यासमोर टोपी काढून म्हणाला, "ताई, पुन्हा पाठवायच्या असल्या तर आदी निरोप धाडा. घरात साखर लई न्हाई."

सगळा विभाग हसला, मीही हसले. पण ज्याच्याकडे त्या गाड्या खरोखर जायला हव्या होत्या तो दुसरा शेतकरी तीन दिवस वाट बघत होता. तोही आला, काही न बोलता नवी तारीख घेऊन गेला. त्याचं ते न बोलणं मला फार लागलं. मेमोवर 'हलगर्जीपणा' असा शब्द होता आणि खाली एमडी साहेबांची सही. तिसऱ्या चुकीनंतर माझ्या हातात नारळ पडणार हे त्यांनी तोंडीही सांगितलं. चष्म्याच्या घराचं मी कुणाला बोलले नाही. बोलणार कसं?

सर मात्र कामाला लागले. वरच्या मजल्यावरचा संगणक त्यांनी माझ्या टेबलावर आणला आणि आमच्या याद्या त्यात भरल्या. मला काय हवं होतं याचं त्यांनी ठरवलेलं उत्तर असं, की माझ्यासाठी संगणकाच्या आत एक मदतनीस बसवायचा, जो माझं काम करणार नाही, फक्त मला काम करू देईल. त्याला माझी सवय कळली पाहिजे, मी कुठे थांबले ते आठवलं पाहिजे, कुणाला आत सोडायचं ते समजलं पाहिजे. शेतात पाखरं हाकायला बसतो तो राखण्या, म्हणून त्याचं नाव त्यांनी ठेवलं राखण्या. काळा पडदा, हिरवी अक्षरं, आणि मराठी मजकूर इंग्रजी अक्षरांत. एमडी साहेबांपासून वजनकाट्यावरच्या माणसापर्यंत सगळ्यांना वाटलं, सरांचं डोकं फिरलं.

पहिला राखण्या आला तेव्हा मलाही तसंच वाटलं. तो दर दहा मिनिटांनी कर्कश शिट्टी घाली आणि पडद्यावर विचारी, "लक्ष आहे ना?" हो असं लिहिल्याशिवाय पुढे जाऊ देत नसे. एकदा मी वैतागून नाही असं लिहिलं. तर त्याने विचारलं, "का नाही?" आणि खाली सहा कारणं दिली, त्यातलं एक निवडायचं. पाचवं कारण 'घरची काळजी' होतं. ते वाचून मला खरोखर घरची काळजी वाटायला लागली.

आमच्या विभागाच्या दारात स्टुलावर आक्का बसत. शिपाई म्हणून त्यांची नोकरी माझ्या वयापेक्षा थोडीच कमी होती. दोन दिवस त्या शिट्ट्या ऐकून त्या आत आल्या, कमरेवर हात ठेवून पडद्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "सर, ह्यो राखण्या न्हाई. ह्यो सोताच पाखरू हाय."

दुसरा माणूस चिडला असता. सरांनी किल्ली ओढली, वही उघडली आणि ते वाक्य आक्कांना पुन्हा म्हणायला लावून लिहून घेतलं. त्यानंतर पंधरा दिवस ते फक्त प्रश्न काढून टाकत होते. सकाळी आले की आनंदाने सांगायचे, "ताई, आज आणखी तीन काढले." हुशार मदतनीस म्हणजे जास्त बोलणारा नव्हे, असं त्यांना आता वाटू लागलं होतं. आज माझ्या पिशवीतला फोन दिवसभर टुणटुण करून मला काय काय आठवण देत असतो, तेव्हा मला आक्का आठवतात. हा फोन बनवणाऱ्यांच्या दारात एखादी आक्का असती तर बरं झालं असतं.

सर दुसऱ्यांना लक्ष द्यायला शिकवत, पण त्यांच्या स्वतःच्या लक्षाचा काही नेम नव्हता. चहाचा कप अर्धा पिऊन ते कुठेतरी ठेवत आणि तो आम्हाला आठवड्याने फायलींमागे सापडे. एकदा काही सामान आणायला नगरला गेले. येताना एसटीत विचार करत बसले, कोपरगावला कंडक्टरने दोनदा आवाज दिला तरी उठले नाहीत आणि थेट मनमाडला उतरले. तिथून दुसऱ्या गाडीने परत आले ते तसेच कारखान्यात, संध्याकाळी आम्ही निघायच्या वेळी. सामानाची पिशवी मनमाडच्या स्टँडवर राहिली होती. पण चेहरा असा फुललेला की आम्हाला वाटलं, यांना लॉटरी लागली.

"ताई, मला कळलं. राखण्याला डोळे नाहीत. आक्कांना आहेत."

दुसऱ्या दिवशी ते स्टूल घेऊन आक्कांच्या शेजारी दारात बसले. आक्का माणसं कशी थोपवतात, कुणाला लगेच आत सोडतात, कुणाला बसवून ठेवतात, हे त्यांना हवं होतं. आक्कांना ते सांगता येईना. "तसं काय न्हाई सर, मानूस बघून कळतं."

"माणसाचं काय बघता?"

"काय बघनार? मानूस."

दुपारपर्यंत हेच चाललं. सर उठेनात. शेवटी आक्का स्वतःच विचारात पडल्या. एक शेतकरी आला, त्याला त्यांनी सरळ आत सोडलं. मागोमाग पांढऱ्या कपड्यातला एक जण आला, त्याला बाकावर बसवलं. आणि मग आश्चर्याने म्हणाल्या, "सर, मी पाय बघती की हो. मलाबी ठाव नव्हतं."

पायाला ओला चिखल असला म्हणजे माणूस उसाला पाणी देता देता उठून आलाय. मोटार चालू आहे, पाण्याचा दंड फुटायच्या आत त्याला परत जायचंय. त्याला थांबवायचं नाही. बूट घालून आलेल्याला घाई असली तरी खरी निकड नसते. वीस वर्षं आक्का एवढ्याच नियमावर तो दरवाजा सांभाळत होत्या, आणि त्यांचं फारसं कधी चुकलं नव्हतं.

सरांनी एका जुन्या कीबोर्डच्या दोन कळा काढल्या, त्यांना लांब वायरी जोडल्या आणि त्या आक्कांच्या स्टुलाशी नेऊन लाकडी फळीवर बसवल्या. एकीवर पिवळा ठिपका, दुसरीवर काळा. चिखलाचा पाय आला की पिवळी दाबायची. राखण्या मला चालू ओळ पुरी करू देई आणि मग हळूच पडद्याच्या कोपऱ्यात सांगे, "बाहेर चिखल." बूट आले की काळी. तेव्हा तो मला काहीच सांगत नसे. यादीतलं एक अख्खं गाव संपलं की मगच सांगे, कोण किती वेळ बसलंय ते. इंटरकॉमही माझ्या टेबलावरून उचलून आक्कांकडे ठेवला. त्याला कुठलेच पाय नसल्याने सरांनी त्याला बुटात धरलं.

ही बातमी आठ दिवसांत चार गावांत पोचली. मग व्हायचं तेच झालं. बूटवाले चिखल लावून येऊ लागले. एक गावपुढारी तर पायातले बूट काढून, धोतर वर खोचून, पिंढरीपर्यंत चिखल थापून आला आणि ऐटीत दारात उभा राहिला. आक्कांनी खाली वाकून नीट बघितलं आणि काळी कळ दाबली. "ह्यो आपल्या नळाखालचा चिखल हाय, दादा. शेतातला काळा असतो. बसा तिकडं." तो मुकाट्याने बसला. सर इतके खूश झाले की त्या दिवशी उजवं घड्याळ पुन्हा सुरू करायचं विसरले.

माझं काम खरंच सुधारत होतं. पण एमडी साहेबांना हे खेळ पटत नव्हते. इंटरकॉमवर त्यांना रोज आक्काच भेटत. शेवटी त्यांनी सांगितलं की पुढच्या पंधरवड्याचा कार्यक्रम एका दिवसात आणि एकाही चुकीशिवाय व्हायला हवा. नाही झाला तर संगणक परत त्यांच्या मजल्यावर जाईल आणि मी घरी. हे त्यांनी सरांना सांगितलं आणि सरांनी, खरं बोललं तर बरं वाटतं या समजुतीने, मला शब्द न गाळता सांगितलं.

त्याच आठवड्यात सरांनी पाखरांच्या वहीचा अहवाल छापला. लांबलचक कागद, कडेला भोकं असलेला. मी उभ्याउभ्याच वाचायला घेतला. सगळ्यांत जास्त पाखरं कुठून येतात, तर वरचा मजला, इंटरकॉम. खाली ठळक उदाहरण. दिवस, वेळ, "कारण: चष्म्याचं घर. परिणाम: पंचवीस गाड्या मोकळ्या शेतात."

"सर, हे वरती देऊ नका."

"का? खोटं आहे का काही?"

"खरं आहे म्हणूनच म्हणतेय. मला नोकरी हवीय, सर."

सरांनी किल्ली ओढली. "पण ताई, यात कुणाचं नाव लिहिलेलं नाही. नुसती जागा लिहिलीय."

"वरच्या मजल्यावर इंटरकॉम एकच आहे."

"हो का? मग नाव लिहायची गरजच नव्हती म्हणा."

त्यांनी कागदाची घडी घातली आणि खणात ठेवली. मला वाटलं, ऐकलं त्यांनी माझं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी मी देवाला हात जोडून, डबा खिडकीत ठेवून खुर्चीत बसले. राखण्याने विचारलं, आज काय आणि कुठपर्यंत. मी लिहिलं, सगळं, संपेपर्यंत. मी पहिली कळ दाबणार तोच सर शेजारी येऊन म्हणाले, "ताई, तो अहवाल सकाळीच वरती देऊन आलो बरं का. तुम्ही तिकडे लक्ष देऊ नका. चालू द्या तुमचं." आणि ते सरळ माझ्या टेबलाखाली शिरले. आक्कांच्या कळांची वायर तिथे सैल झाली होती आणि चिकटपट्टी संपली होती, म्हणून दोन टोकं चिमटीत धरून ते तिथेच बसणार होते.

माझ्या मनाची तेव्हा काय दशा झाली हे मी सांगत बसत नाही. टेबलाखाली बसलेल्या माणसाचा मला इतका राग आला की पायाने ढोसावं असं वाटलं. एकेक ओळ लिहायची आणि खोडायची. थोड्या वेळाने पडद्यावर आपोआप शब्द आले, "चारातल्या तीन ओळी खोडल्या. पाणी पिऊन या." हे सरांनी कधी घातलं होतं कोण जाणे. मी उठले, माठातलं पाणी प्यायले, तोंडावर मारलं आणि परत आले. राखण्याने मी सोडलेली ओळ समोर धरली होती, तिच्या वरच्या दोन ओळी दाखवून. तोडून झालेल्या उसाची यादी त्याने माझ्यापासून लपवूनच ठेवली होती.

आणि मग माझं मन लागलं. असं लागलं की पाच हंगामांत कधी लागलं नव्हतं. नावं नुसती नावं राहिली नाहीत. हा ओढ्याकाठचा, ह्याचा ऊस आडसाली, दीड वर्ष उभा, ह्याला आता थांबवता येणार नाही. ही विधवा बाई, हिचं रान रस्त्यापासून आत, हिच्याकडे बैलगाड्याच पाठवायला हव्यात. हा तीन दिवस वाट बघून गेलेला, ह्याचं दुसरं रान बाकी, हा पहिला. एकामागून एक गाव संपत होतं. मधे दोनदा कोपऱ्यात 'बाहेर चिखल' आलं, दोघे आले, विचारून गेले, मी त्याच ओळीवर परतले. कामात इतकं सुख असतं हे मला त्या दिवशी कळलं. मला ते कुणीच आधी सांगितलं नव्हतं.

बाहेर काय चाललं होतं ते आक्कांनी नंतर सांगितलं. अहवालाची गुंडाळी हातात घेऊन एमडी साहेब तरातरा आले. आक्कांनी खाली पाहिलं. चकचकीत बूट. त्यांनी काळी कळ दाबली.

"आक्का, मी आहे."

"व्हय साहेब, दिसतंय की. बसा."

"माझं आत काम आहे."

"ताईंचं बी आतच हाय."

साहेब लाल झाले. पण बाकावर शेजारच्या हिशेब विभागात काम असलेले पाचसहा सभासद बसलेले, सगळे बघतायत. आरडाओरडा करावा तर शोभायचं नाही. ते बसले. शेजारच्या एकाने त्यांना धीरही दिला, "बसा साहेब, हितं नंबर लागतो, काळजी नगा करू." त्यांच्या डोळ्यांदेखत चिखलाचे दोन पाय आत जाऊन बाहेर आले. करायला दुसरं काही नव्हतं म्हणून त्यांनी तो कागद उलगडून वाचायला घेतला. आक्का म्हणाल्या, "आदी लई जोरात पाय हालवत हुते. मग हळू. मग पाय थांबलाच."

पडद्यावर माझं गाव संपलं आणि अक्षरं आली, "बाहेर एक. बूट. चाळीस मिनिटं." कोण ते राखण्याला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. मी पुढच्या गावाची पहिली ओळ सुरू करता करता म्हटलं, "आक्का, सोडा आत." दार उघडलं आणि एमडी साहेब आले.

मी उठायला गेले. त्यांनी हाताने बसा म्हणून खूण केली. पडद्यावर ओळ अर्धी होती. ते त्या अर्ध्या ओळीकडे बघत उभे राहिले. मी उरलेली ओळ लिहिली.

"ओळ झाली का, ताई?"

मला ते बाई म्हणत. ताई पहिल्यांदाच म्हणाले.

"झाली, साहेब."

"मग एक विचारतो. त्या दिवशी ते चष्म्याचं घर माझ्या कोटाच्या खिशातच होतं. हे तुम्हाला माहीत होतं का?"

"नाही, साहेब."

"मलाही आत्ता बाकावर बसल्यावर आठवलं." हातातला कागद त्यांनी गुंडाळला. "किती राहिलंय?"

"तीन गावं."

"चालू द्या." जाताना दार त्यांनी स्वतः ओढून घेतलं, आवाज न करता.

टेबलाखालून आवाज आला, "ताई, चाळीस मिनिटं म्हणाला ना राखण्या?"

"हो, सर."

"आणि साहेब ओरडले नाहीत."

"नाही."

"मग झाला तयार." सरांच्या आवाजात इतका आनंद होता की माझा सकाळचा सगळा राग विरघळला. त्यांच्या बोटांना वायरीचे वळ पडले होते. मी त्यांना माझ्या डब्यातली अर्धी भाकरी टेबलाखालीच दिली आणि उरलेली तीन गावं संपवली.

त्या पंधरवड्यात एकही गाडी मोकळ्या शेतात गेली नाही, पुढच्याही नाही. हंगाम संपला, भोंगा शेवटचा वाजला, आणि चौथ्या दिवशी वरून एक माणूस माझ्या नावाचं पाकीट घेऊन आला. आत दोन कागद. एकात दोन्ही मेमो मागे घेतल्याचं होतं. दुसऱ्यात कारखान्याच्या सेवेत कायम केल्याचं, आणि खाली मान्य म्हणून माझी सही हवी होती.

बातमी पाकिटाच्या आधीच पोचलेली. वजनकाट्यावरचे, गोदामातले, गट ऑफिसातले, सगळे आमच्या दाराशी जमले. कुणी पेढे मागत होतं, कुणी माझ्या वडिलांना निरोप पाठवायचं म्हणत होतं, सगळे एकदम बोलत आत घुसायला बघत होते. सर उठले आणि दोन्ही हात पसरून दारात आडवे उभे राहिले. "थांबा. आधी सही होऊ द्या."

ते इतक्या गंभीरपणे म्हणाले की सगळे खरंच गप्प झाले. आक्कांनी कुणाला तरी हाताला धरून मागे ओढलं. सरांची पाठ माझ्याकडे होती. मी पेन उघडलं. रोज नुसती आद्याक्षरं ओढायची, पण त्या दिवशी सगळं लिहिलं. माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. एकेक अक्षर सावकाश, काना मात्रा जागच्या जागी. डोळ्यांत पाणी आलं तेव्हा थांबले, पुसलं आणि पुढे लिहिलं. तेवढ्या वेळात कुणी एक शब्द बोललं नाही.

"झाली, सर," मी म्हटलं.

तेव्हा त्यांनी हात खाली घेतले, आणि सगळा कारखाना एकदम आत आला.